लाइन आहे का?

माझी मावशी यवतमाळजवळच्या एका गावात राहते आणि मी डोंबिवलीत. आम्ही दोघंही मराठीच बोलतो, असा आमचा कित्येक वर्षांचा समज होता. एका जुलैत तो दहा मिनिटांच्या फोनमध्ये संपला.

मुंबईवर आभाळ फाटलं होतं. मी तीन तास घाटकोपरच्या फलाटावर उभा होतो आणि शेजारच्या गृहस्थांची छत्री माझ्या कॉलरीत पागोळ्या सोडत होती. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"राजा, टीव्हीवर लय पाणी दाखवून राहिले तुमच्याकडचं. बरा हायेस ना?"

"बरा आहे गं. पण लाइन बंद आहे सकाळपासून."

"आमच्याकडं तं दोन दिवसांपासून नाही ना बाप्पा!"

मी बुचकळ्यात पडलो. मावशीच्या भागात रेल्वे म्हणजे ती नॅरोगेजची शकुंतला. ती बंद पडून काही वर्षं झाली. बातमी मावशीपर्यंत आत्ता पोचली असेल तर तो टपाल खात्याचा विक्रम होता.

"मग काय करतेस गं?"

"काय करू? मेणबत्ती लावून बसली आहो."

माझा गळा दाटून आला. एका बंद पडलेल्या गाडीसाठी मेणबत्ती लावणारी बाई आमच्या घराण्यात आहे हे मला माहीत नव्हतं. इकडे आम्ही लोकल पंधरा मिनिटं लेट झाली तर स्टेशन मास्तरच्या सात पिढ्यांना जेवायला घालतो.

"तुमची कधी येईन?" तिने विचारलं.

"काही सांगता येत नाही. पाणी भरलंय. लोक कंटाळून लाइनीवरून चालत निघालेत."

पलीकडून किंकाळी आली. "लाइनीवरून? अन् पाण्यात? अरे सांग त्याईले, झटका बसते! मरतीन सारे! तू हात नको लावू कशाले. लाइनमनले बोलाव पयले!"

"कुठला लाइनमन?" असं मी विचारेपर्यंत फोनचीच लाइन कटली.

घरी पोचलो रात्री साडेअकराला. तोवर डोक्यात उजेड पडला होता. मावशीची लाइन म्हणजे वीज. ती खांबावरून येते, लोडशेडिंगला जाते, 'येऊन-जाऊन राहिली' अशा अवस्थेत पावसाळाभर लटकते. शेतकऱ्याला ती रात्री दोनला मिळते आणि तो कंदील घेऊन मोटार चालू करायला निघतो. माझी लाइन म्हणजे रूळ. तिसरी लाइन टेलिफोनची, जी आमच्या दोघांच्या मधे होती आणि जिने योग्य वेळी माघार घेतली. एकच शब्द, तीन मालक, आणि व्याकरणाच्या दृष्टीने कोणीही चुकलेलं नाही.

तेव्हापासून मी या शब्दाच्या पाळतीवर आहे. इंग्रजीतून मराठीत शब्द शेकड्यांनी आले, पण बहुतेक आपापली कामं सांभाळून आहेत. टेबल टेबलच राहिलं, पेन पेनच. लाइन मात्र पाहुणी म्हणून आली आणि स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कंबरेला लावून बसली. ओळ, रेघ, रेषा, रांग, हार, पंगत, तार, दोरी, मार्ग, धंदा अशी दहा माणसं जी कामं करत होती ती हिने एकटीने उचलली. वर एक असं काम पत्करलं, ज्याला मराठीत धड शब्द नव्हता. त्याकडे येऊच.

मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला लाइन म्हणजे जात असते. सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. जात जन्मावरून ठरते, लाइन घराच्या हप्त्यावरून, एवढाच फरक. माझी बायको बोरिवलीची. तिला पाहायला गेलो तेव्हा माझ्या भावी सासऱ्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवत माझ्या वडिलांना विचारलं, "मुलगा कुठल्या लाइनला आहे?"

"अकाउंट्सच्या," वडील अभिमानाने म्हणाले.

"तसं नव्हे हो. सेंट्रल की वेस्टर्न?"

"सेंट्रल."

बैठकीत शांतता पसरली. कोणीतरी पंखा वाढवला. भावी सासूबाईंनी मुलीकडे असं पाहिलं की जणू स्थळ मंगळाचं निघालं, आणि तेही पत्रिकेतल्या मंगळाचं नव्हे, ग्रहाचं. माझ्या वडिलांनी मग वंशाचा मुद्दा काढला. "16 एप्रिल 1853. बोरीबंदर ते ठाणे. देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्या लाइनीवरून धावली. तुमची लाइन मुंबईत आली ती त्यानंतर दहाबारा वर्षांनी." सासरे म्हणाले, "आली उशिरा, पण येते वेळेवर." त्या वाक्याला माझे वडील आजतागायत उत्तर शोधत आहेत.

लग्न ठरलं तरी लगेच होणार नव्हतं, कारण हिच्या थोरल्या बहिणीचं व्हायचं होतं. "थोरलीचं झालं की धाकटीची लाइन क्लिअर," असं तिकडच्या काकांनी सांगितलं. हा वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो की तो कुठून आला याचा पत्ता राहत नाही. काकांना होता, कारण ते एका आडबाजूच्या स्टेशनावर स्टेशन मास्तर होते. पूर्वीच्या एकेरी मार्गावर गाडी सोडायची तर मास्तर पुढच्या स्टेशनाला विचारायचा, लाइन क्लिअर आहे का? पुढचा मास्तर हो म्हणाला की यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर यायचा. तो चामडी पिशवीत घालून, वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हातात असेपर्यंत त्या पट्ट्यात दुसरी गाडी शिरू शकत नाही, यंत्र दुसरा गोळा सोडतच नाही. काकांनी हे सगळं मला इतकं रंगून सांगितलं की थोरलीच्या लग्नात नारळ हातात पडला तेव्हा मला तो पिशवीत घालून इंजिनाकडे धावावंसं वाटलं.

मधल्या काळात आम्ही भेटायचो मरीन लाइन्सला. एक सेंट्रलची, एक वेस्टर्नचा... चुकलं, उलट. तर दोघांना परतीच्या गाड्या सापडतील अशी ती जागा. या लाइन्स रेल्वेच्या नव्हेत बरं का. इंग्रजांच्या मरीन बटालियनची तिथे छावणी होती, तिच्या बराकींच्या रांगा म्हणजे लाइन्स. पलटणीचे तंबू ओळीने लागत, म्हणून वस्तीच लाइन झाली. साहेबाचे बंगले होते तिथे सिव्हिल लाइन्स झाल्या, शिपायांच्या खोल्या होत्या तिथे पोलीस लाइन. नागपूरला जाऊन पाहा, साहेबाला अनेकवचन मिळालंय आणि हवालदाराला एकवचन. त्या एकवचनात वाढलेली पोरं स्वतःला लाइनबॉय म्हणवून घेतात आणि ते आडनावाच्या आधी सांगतात.

मरीन लाइन्स स्टेशनाचं मला वाटणारं खरं वैशिष्ट्य निराळं आहे. पश्चिमेला उतरलं की समुद्र, कठडा आणि कठड्यावर पाठमोरी बसलेली जोडपी. पूर्वेला उतरलं की चंदनवाडीचं स्मशान. एकाच पुलावरून दोन्हीकडची माणसं ये-जा करतात. पश्चिमेचे लोक हळू चालतात, पूर्वेचे मुकाट्याने. मधल्या आयुष्यात लोकलचा पास काढायचा असतो.

कठड्यावर बसून जे चालतं, ते म्हणजे लाइन मारणं. हेच ते काम, ज्याला मराठीत शब्द नव्हता. प्रेम करणं फार पुढचं. नजर टाकणं फार आधीचं. छेड काढणं गुन्ह्यात मोडतं. मोहित होणं नाटकात. पण ती रोज 8.12 ला येते म्हणून आपण 7.58 सोडून 8.12 पकडणं, ती पाहत नसताना पाहणं आणि पाहील असं वाटताच मोबाइलमध्ये डोकं घालणं, या सगळ्या निष्फळ उद्योगाला लाइन मारणं हाच शब्द आहे. यातही मराठी माणसाने वीजमंडळाची शिस्त पाळली आहे. तुम्ही लाइन मारता तो अर्ज असतो. समोरून लाइन दिली जाते ती जोडणी. मधल्या काळात मीटर तुमच्याकडेच फिरत राहतो.

त्याच कठड्यावरून डावीकडे पाहिलं तर... नाही, उजवीकडे, मलबार हिल दिसते. तिथे 1900 साली डग्लस जार्डिन जन्मला. पुढे इंग्लंडचा कप्तान झाला आणि 1932-33 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने लारवुडकडून फलंदाजांच्या बरगड्यांच्या रोखाने चेंडू टाकून घेतले. ती बॉडीलाइन. म्हणजे क्रिकेटच्या इतिहासातली सर्वांत बदनाम लाइन मारणारा माणूस अस्सल मुंबईकर निघाला. आमच्या कॉलनीत मात्र लाइन अँड लेन्थ एवढंच होतं. प्रशिक्षक म्हणायचे, "लाइन धरून टाक." लेन्थचं ते काही बोलायचे नाहीत, कारण चाळीसमोरच्या पिचला लेन्थ नव्हती.

आता एका सुताराकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

दिवाळीनंतर मावशी आमच्याकडे राहायला आली. सोबत डब्यात लाडू, पिशवीत तूरडाळ आणि बरणीत जवसाची चटणी. ती विदर्भातून बाहेर पडताना एवढं आणते की सीमेवर जकात लागत नाही याचं आश्चर्य वाटतं. नेमका त्याच आठवड्यात पुस्तकांच्या फळ्या करायला सुतारकाका आले होते. राजापूरकडचे, साठीचे, कानाला पेन्सिल. भिंतीकडे डोळे बारीक करून पाहत ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा तिथेच उभ्या रहा. मी आधी लाइन मारून घेतो."

मावशीने हातातली सुपारी खाली ठेवली.

काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून सुताची गुंडी काढली, दोरा ओल्या कावेत बुडवला, एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं माझ्या बायकोच्या हातात दिलं. "ताणून धरा." मग दोऱ्याच्या मध्यावर चिमटीने धरून तो मागे ओढला आणि सोडला. टण्. भिंतीवर तांबडी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटली. काका म्हणाले, "बसली लाइन."

मावशी बराच वेळ ती रेघ पाहत राहिली. मग म्हणाली, "असं म्हणता होय. मले वाटलं..." आणि तिने सुपारी पुन्हा उचलली.

त्या रात्री मी कोश काढून बसलो. मला वाटत होतं की काकांनी एक इंग्रजी शब्द उचलून आपल्या कामाला लावला. निघालं ते उलटंच. इंग्रजी शब्दच मुळात काकांच्या हातातला तो दोरा आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे एक रोप. त्याच्या खोडाच्या तंतूंपासून दोरा काढत, त्या दोऱ्याला म्हणत लिनिया. तो दोरा ताणून गवंडी भिंत बांधायचे, सुतार फळी कापायचे. दोरा काढून घेतला तरी रेघ राहायची, म्हणून रेघेलाही तेच नाव पडलं. पुढे ते नाव इंग्लंडात गेलं, तिथून जहाजात बसलं, आणि घाटकोपरला पाण्यात अडकलं.

आता मराठीत पाहा. आपल्याकडे रोप वेगळं होतं, कापूस. पण त्याच्या दोऱ्याने अगदी हाच प्रवास केला. सूत म्हणजे दोरा. सूत धरणारा तो सूत्रधार, आणि सूत्रधाराचाच झिजून झाला सुतार. सूत हे मापही आहे. सुतारकाका अजून "दोन सूत कमी घ्या" म्हणतात, म्हणजे पाव इंच. आठ सुतांचा एक इंच. आणि इंग्रजांकडे लाइन हेसुद्धा जुनं माप होतं, बारा लाइनींचा एक इंच! सूत थोडं जाड भरतं एवढंच, आपला हात सैल. वाया गेलेला मुलगा तिकडे लाइनवर येतो, आपल्याकडे सुतासारखा सरळ होतो. आणि 8.12 च्या त्या उद्योगाला जर कधी फळ आलंच, तर आपण काय म्हणतो? दोघांचं सूत जुळलं. म्हणजे लाइन मारली तिकडच्या दोऱ्याने आणि जुळलं इकडचं सूत. मी एवढा खूश झालो की बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "फळी दोन सूत तिरकी आहे, ते उद्या काकांना सांग," आणि झोपली.

जाता जाता सांगतो, काकांनी चार फुटांच्या फळीसाठी तीन वेळा माप घेतलं आणि दोनदा लाइन पुसून पुन्हा मारली. सिरिल रॅडक्लिफ साहेब 1947 मध्ये हिंदुस्थानात पहिल्यांदाच आले आणि त्यांनी पाचेक आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर लाइन मारून दिली. त्यांच्या कानाला पेन्सिल असेल, पण हातात सूत नव्हतं.

दोऱ्याची ही मेख कळल्यावर लाइनीचं गोत्र उलगडत गेलं. पहिलं भावंड लिनन, त्याच रोपाचं कापड. इजिप्तच्या ममी त्यातच गुंडाळलेल्या. हल्ली लग्नसराईत पुरुष तेच कापड घालून फिरतात आणि चेहराही साधारण तसाच ठेवतात. गंमत अशी की ज्या रोपाने जगाला सरळपणासाठी शब्द दिला, त्याचं कापड अंगात घालून रिक्षात बसलात की पाच मिनिटांत चुरगळतं. मी एकदा महागडा लिननचा शर्ट घेतला. इस्त्री करून घरातून निघालो आणि लिफ्टमधून खाली येईपर्यंत शर्टाने माझं वय दहा वर्षांनी वाढवलं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "प्युअर असल्याचं लक्षण आहे, साहेब." हे तत्त्व त्याने माणसांनाही लावलं असेल तर तो सुखी असणार.

दुसरं भावंड लायनिंग. कपड्याला आतून लिननचा थर देत, म्हणून अस्तर ते लायनिंग. आमच्या गल्लीतले लेडीज टेलर ब्लाउज हातात घेताच पहिला प्रश्न विचारतात, "लायनिंग घालायचंय?" आणि दुसरा प्रश्न विचारण्याआधी शिलाई वाढवतात. तिसरी बहीण घरात कोणी मोठ्याने नाव न घेण्यातली, लाँजरी. तीही फ्रान्समार्गे याच रोपाच्या धाग्यातून आलेली. देवनागरीत हिचं नाव कसं लिहावं यावर चार दुकानांच्या पाट्यांमध्ये पाच मतं आहेत. एका दुकानाने दोन्ही बाजूंना वेगवेगळं लिहून ठेवलंय.

चौथा भाऊ लिनोलियम. आमच्या जुन्या ऑफिसात जमिनीला होतं, चालताना चपला चिकटायच्या. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने तेलरंगाच्या डब्यावर आलेली रबरासारखी साय पाहिली आणि तिचीच फरशी करायचं ठरवलं. ती साय याच रोपाच्या तेलाची. आपण डब्यावरची साय टाकून देऊन पेंटरला दोन शिव्या देतो. क्रिकेटची बॅटही याच तेलावर पोसली जाते. नवी बॅट आणली की आम्ही तिला आठवडाभर कापसाने तेल पाजायचो आणि आई म्हणायची, एवढं तेल मुंजीत तुझ्या डोक्याला लावलं नव्हतं. म्हणजे बॉडीलाइनचा तो चेंडू ज्या बॅटवर आदळत होता तिच्यातही लाइन मुरलेली होती.

मात्र नावसाधर्म्यावरून भलत्याला गोत्रात घेऊ नये. ज्याने या रोपाला 1753 साली शास्त्रीय नाव चिकटवलं तो स्वीडनचा लिनियस. मला वाटलं, घ्या, जावईसुद्धा घरातलाच. पण नाही. त्याच्या वडिलांनी आडनाव घेतलं होतं लिंड नावाच्या झाडावरून. एका आडनावाचे सगळे भाऊबंद नसतात, हे आम्हा कुलकर्ण्या-जोशांना कोणी सांगायला नको.

वंशावळीलाही इंग्रजीत याच घरातला शब्द आहे. त्यावरून आठवलं, वंशावळीतला 'आवळ' म्हणजे संस्कृत आवली, ओळ. आपली ओळ त्यातूनच आली, आणि दीपावलीही. म्हणजे दिवाळी हा शब्द उकलला तर अर्थ होतो लाइटींची लाइन. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडं दिवाळीतच जाते."

शुद्ध मराठीच्या कैवाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण लाइन हाकलून द्यायची तर जागी काय आणायचं याचा विचार करावा. डेडलाइनचंच घ्या. तिच्याऐवजी लोक 'अखेरची मुदत' सुचवतात. त्यातला अखेर अरबी आणि मुदतही अरबी. इंग्रज पाहुणा घालवून अरबाला दोन खोल्या दिल्या. बाकी डेडलाइन या शब्दाचा जन्म कळला तर कोणी तो तोंडात घेणार नाही. अमेरिकेच्या यादवीत, 1864 साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात तटाच्या आत काही फुटांवर एक ठेंगणं लाकडी कुंपण होतं. कैद्याने ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. पुढे हा शब्द छापखान्यांत शिरला आणि तिथे त्याची दहशत पार गेली. मराठीत तर 1909 मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून लेखक हे कुंपण वर्षातून एकदा ओलांडतात, तटाला टेकून उभे राहतात आणि वर पहारेकऱ्यालाच विचारतात, मानधन कधी?

या सगळ्यात नवीन पिढीची सून म्हणजे ऑनलाइन. तिचं म्हणणं एवढंच होतं की आता तुम्हाला लाइनीत उभं राहावं लागणार नाही. गेल्या उन्हाळ्यात मी एका दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करायला गेलो. अर्ज ऑनलाइनच करायचा असल्यामुळे तो भरून देणाऱ्या केंद्रासमोर सकाळी सातपासून लाइन होती. माझ्यापुढे चाळीस माणसं, एक स्टूल आणि एक पिशवी. पिशवी कोणाच्या तरी वतीने उभी होती. साडेदहाला आतून आवाज आला, "सर्व्हर डाउन आहे." लाइन हलली नाही. अर्ध्या तासाने आवाज आला, "लाइट गेली." तरी हलली नाही. बाराला एक गृहस्थ थेट पुढे जाऊन खिडकीत वाकले, तेव्हा मात्र मागून गर्जना उठली, "ओ, लाइनीत या!" शांतपणे मागे वळून ते म्हणाले, "मी ऑनलाइन नंबर घेतलाय." त्यावर काय बोलावं हे चाळीस जणांपैकी कोणालाच सुचलं नाही. पिशवी तेवढी कलंडली.

मावशी परत गेली त्याला आता महिने झाले. परवा तिचा फोन आला तेव्हा मी दिवे पाजळले. तिला सांगितलं की इतकी वर्षं आपण ज्याला इंग्रजी शब्द समजत होतो, तो मुळात कुठल्या रोपाचा दोरा आहे माहीत आहे का? निळ्या फुलांचं. तुझ्या शेताच्या धुऱ्याशी होतं बघ. ते लोक खोडाचा दोरा काढायचे, आपण बी काढतो. जवस गं, जवस! तुझ्या बरणीतली चटणी आणि आमची लोकल एकाच घरातल्या आहेत.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, पुन्हा लाइन कटली.

"हॅलो? मावशी?"

"आहो, आहो. ऐकून राहिली." मग विचार करत म्हणाली, "म्हणून तं मी तुले म्हणते राजा, रोज एक चमचा खात जा, तेल टाकून. बरणी तशीच ठेवली असंन ना तू फ्रिजात? मग कशी वेळेवर येईन तुही गाडी!"

आणि मग पलीकडे सगळा अंधार झाला असावा, कारण ती एकदम ओरडली, "अगं बाई, गेली!"

"काय गेलं?" मी विचारलं.